राखेनंतरचं पाऊल

सिनेमात माणसं चालतात, त्यांच्या पावलांचे आवाज नंतर भरावे लागतात. हे काम तो आणि त्याची बायको जोडीनं करत. पडद्यावर पुरुष चालला की तो चालायचा, बाई चालली की ती. रक्त पिणाऱ्या भावंडांच्या या भयपटात बहिणीची सगळी पावलं तिनंच वाजवली होती, आपल्या चामडी सपाता घालून. शेवट तेवढा राहिला आणि ती गेली.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईचं म्हणणं होतं की बायकोचीच आधीची पावलं उचलून जोडावीत. तो ऐकेना. शेवटी भावंडं हात धरून उन्हात उतरतात, तसं ती कुठेच चालली नव्हती. पण आज जमलं नाही तर तिचं अर्धं राहिलेलं काम परक्या पायांकडे जाणार होतं.

त्यानं सपाता पायात घातल्या, टाचा बाहेर राहिल्या. मग हातांत घालून रांगत वाजवल्या, तर काचेपलीकडून बाई म्हणाली, "दादा, घोडा आल्यासारखं वाटतंय."

डबा घेऊन आलेली त्याची थोरली बहीण दारातच पोट धरून हसली. हसणं ओसरल्यावर तिनं सपाता मागून घेतल्या, पाय सरकवले. नेमक्या बसल्या.

"पण मी पडद्याकडे बघणार नाही हं. मेले ते दात बघून मला झोप लागत नाही."

"नको बघूस, ताई. माझ्या पायाबरोबर पाय टाक."

त्यानं तिचा हात धरला. दिवे मालवले. पडद्यावर दार उघडलं, पायऱ्यांवर लख्ख ऊन. भाऊ कचरला, बहिणीनं त्याला ओढलं. इकडे फळ्यांवर ही दोघं चालू लागली, ताई डोळे गच्च मिटून. ठक, ठक, बरोब्बर जोडीनं. जमत होतं! भावंडांच्या खांद्यांतून धूर निघाला, केस पेटले, तरी हात सुटेनात. शेवटच्या पायरीवर दोघांची राख झाली. तो थांबला.

ताई थांबली नाही. त्याला ओढत तिनं आणखी एक पाय टाकला. पडद्यावर रिकामी पायरी, नुसती राख, आणि त्यावर एकटी सपात वाजली. ठक.

दिवे लागले तशी ताई ओशाळून विचारू लागली, चुकलं का रे? बाईचा हात मुद्रण पुसायच्या बटणाकडे गेला होता.

"पुसू नका," तो धावतच काचेपाशी गेला. "आधी दिग्दर्शकांना बोलवा."

दिग्दर्शक आला, त्यानं एकदा पाहिलं आणि खुर्चीतून उठलाच. बहीण मेलीच नाही, असं म्हणत तो खोलीभर फिरला. हाच शेवट, यापुढे संगीतसुद्धा नको, असं त्यानं सांगून टाकलं.

म्हणजे सिनेमातला अगदी शेवटचा आवाज आपल्या गेलेल्या बायकोच्या सपातेचा, ताईच्या भावाला वाटलं. त्यानं पुन्हा एकदा लावायला सांगितलं. ताई बोटांच्या फटीतून बघत होती. राख पडली, आणि पाऊल वाजायच्या आधीच तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.