साखरबाईची आडवाटेची नळी

मित्रांनो, मी साखरबाईच्या पोटातली एक जुनी पित्तनळी आहे. जुनी म्हणजे तिच्याच वयाची. आम्ही दोघी इनामगावातच जन्मलो. यकृतात तयार होणारं कडू पित्त आतड्यापर्यंत पोचवायचं, हे आम्हा नळ्यांचं काम. पुस्तकातल्या चित्रात सगळ्या नळ्या शहाण्या मुलींसारख्या मोठ्या नळीला जाऊन मिळतात. मी मात्र जन्मतःच आडवाटेनं निघाले आणि पित्ताशयाच्या नळीला जाऊन चिकटले. कामात कधी खाडा केला नाही. पण कौतुक सोडाच, मी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

शेजारचं पित्ताशय म्हणजे नुसता लाडोबा. काम काय, तर तेलकट पचवायला लागणारं पित्त साठवून ठेवायचं! बसल्या बसल्या त्यानं खडे जमवले. साखरबाई भज्यांवर ताव मारायची, कळ पित्ताशयात उठायची आणि शिव्या मात्र गॅसला पडायच्या. "गॅस झालाय, दुसरं काय न्हाई," म्हणत तिनं बरणीभर ओवा संपवला. शेवटी शिरूरच्या दवाखान्यात पित्ताशय काढायचं ठरलं. मी म्हटलं, चला, ब्याद टळली.

पण पोटात दुर्बीण शिरली, मी जन्मात पहिल्यांदा उजेड पाहिला आणि मला घाम फुटला. पित्ताशयाची नळी कापायचीच असते, आणि पडद्यावर आम्ही दोघी अगदी जुळ्या बहिणी दिसत होतो! चुकून मला कापलं, तर माझं पित्त साखरबाईच्या पोटात सांडणार आणि तिच्या जिवावर बेतणार. चिमटा नेमका माझ्यावरच येऊन टेकला. मी ओरडणार तरी कशी?

"सर, हीच ना? बंद करायला क्लिप देऊ?" शितल सिस्टरनं विचारलं.

डॉक्टर जालिंदर थबकले. ते दौंडकडच्या बागायतदाराचे चिरंजीव. "थांबा. ही येती कुठनं ते बघू आधी. आमच्या चुलत्यानं आपली जुनी पाइपलाइन समजून शेजारच्या आप्पांची चालू लाइन तोडली व्हती. आप्पांचा कांदा वाळला, आन् दोन घरं अजून बोलत न्हाईत."

"सर, इथं कुठला कांदा?"

"तेच म्हंतो. इथं बाई हाय."

त्यांनी पित्ताशयाच्या नळीत रंग सोडून एक्स-रे फोटो काढला. रंग माझ्या अंगातून सरसर यकृतात चढला आणि माझं बिंग फुटलं.

"आयला, ही तर चालू लाइन हाय!"

मग त्यांनी माझ्या जोडाला धक्का न लावता, पलीकडून पित्ताशय तेवढं सोडवलं. मी वाचले, साखरबाई वाचली. खरं सांगते, मला रडू आलं.

आता घरी कुणी दवाखान्यानं बाटलीत दिलेले खडे बघायला आलं, की साखरबाई आधी माझी गोष्ट सांगते. "खडं काय, कुणालाबी व्हत्यात. माझी नळी बघून डॉक्टर थांबला!" परवा दाताच्या डॉक्टरलाही तिनं बजावलं, "माझी एक नळी येगळी हाय, जपून करा." त्यानं बिचाऱ्यानं नुसती दाढ बघितली होती.

मित्रांनो, चित्रात दिसत नाही म्हणून कुणाला फालतू समजू नका. काही तोडण्याआधी घटकाभर थांबून ते कुठून येतं ते बघा. आणि आता मला जाऊ द्या. साखरबाईनं पुन्हा ताटभर भजी खाल्लीत, आणि पित्त साठवायला शेजारी कुणीच उरलेलं नाही. लाडोबा काय काम करायचा, ते आत्ता कळतंय.