जमदग्नींचा फोन

गोदामातून गेटजवळच्या वजनकाट्यावर बोलायला आमच्याकडे एकच जुना, तारेचा फोन आहे. आधी तो म्हातारे स्टोअरकीपर वापरायचे. बोलण्यापूर्वी रिसीव्हर टेबलावर दाणकन आपटायचे, म्हणून आम्ही त्यांना जमदग्नी म्हणायचो. शेजारच्या टेबलावर बसून माझे कान किटले, तेव्हा मीच मॅनेजरकडे लेखी तक्रार केली. जमदग्नींनी खुलाशात एकच ओळ लिहिली: "आपटल्याशिवाय ऐकू जात नाही." त्या ओळीवर आम्ही महिनाभर हसलो.

ते निवृत्त झाले आणि फोन माझ्याकडे आला. दोन महिन्यांत माझा आवाज काट्यावर पोचेनासा झाला. घसा फाटेस्तोवर ओरडलो तरी तिथली नवी क्लार्क विचारायची, "कोण बोलतंय?" मेकॅनिकने हात न लावताच सांगितलं, भंगारात टाका. याला मेकॅनिक म्हणायचं? शेवटी बायकोने जुन्या फोनवाल्यांचा एक ग्रुप शोधून दिला. तिथे फोटो टाकला, तर चहा संपायच्या आत सात जणांची उत्तरं आली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकूंनी नीट समजावलं: "बोलायच्या बाजूला आत कोळशाचे बारीक दाणे असतात. ते एकमेकांना चिकटले की आवाज बसतो. बोलण्याआधी रिसीव्हर आपटायचा. आम्ही सगळे तसंच करायचो."

मी दार लावून घेतलं, काट्यावर फोन लावला आणि रिसीव्हर टेबलावर दाणकन आपटला.

"आता खणखणीत येतंय," क्लार्क म्हणाली. मग जरा घाबरतच तिने विचारलं, "साहेब, चिडलात का माझ्यावर?"