रिकामा कंस

स्वप्नालीचं लग्न झालं ते साल, दोन हजार चोवीस. नात सासरी गेली आणि आठवड्याच्या आत रंगूबाईनं अंथरूण धरलं. अर्जुनानं बायकोला आटपाडीकडच्या माळावरून सांगलीला दवाखान्यात आणलं. पुतण्या दिग्विजय गाडी घेऊन सोबत होता. तो यंदा पंचायतीला उभा राहणार होता.

दुपारी चहा आणायला जाताना तो म्हणाला, "तात्या, फोन आला तर उचला," आणि मोबाइल म्हाताऱ्याच्या हातात देऊन गेला.

अर्जुना पंचावन्नाव्या वर्षी स्वप्नालीच्याच पाटीवर अक्षरं शिकलेला. दिसेल ते वाचायची खोड. पडद्यावर बोट ठेवून वाचू लागला. ‘मायेची सावली हरपली. जिच्या पदराखाली अख्खं गाव वाढलं...’ त्याचे डोळे भरून आले. पुढं कंस होता. कंसात लिहिलं होतं, ‘येथे दिवंगत व्यक्तीचे नाव लिहा’.

त्यानं बोट सरकवलं. वर दिग्विजयनं फोनमधल्या मजकूर लिहून देणाऱ्या यंत्राला दिलेले हुकूम होते. ‘काकी वारल्याचा फ्लेक्स लिहून दे.’ ‘अजून भावनिक कर.’ ‘लोक थांबून वाचतील असं कर.’ ‘मजकूर कमी कर, माझा फोटो मोठा बसला पाहिजे.’

आत रंगूबाई खोकत होती. आपण रिकाम्या कंसासाठी रडलो, याची अर्जुनाला शिसारी आली.

दिग्विजय चहा घेऊन आला.

"ही कोन मेली रं?"

दिग्विजयनं फोनकडं बघितलं. "तसं न्हाई तात्या. ऐनवक्ताला धांदल हुती. ह्याला नीट सांगितल्याबिगर ते नीट लिवत न्हाई. चार-पाच डाव घासून घ्यावं लागतंय."

"मग घास. लिव, रंगूबाई जिती हाय, खोकतीया, आनि नर्सबाईला शिव्या देतीया."

पुतण्यानं लिहिलं. यंत्रानं आधी माफी मागितली, मग भलामोठा गोड मजकूर ओतला. अर्जुनानं तोही वाचला. खोकल्याची ‘जिद्दीची झुंज’ झाली होती, शिव्यांचा ‘स्पष्टवक्तेपणा’. आणि मायेची सावली होतीच, जिथल्या तिथं.

"पन्नास वर्सं हिच्यासंगट मेंढरं राखली," अर्जुना म्हणाला. "ही बाई मला ठावं न्हाई. पूस समदं. माझ्याम्होरं पूस."

दिग्विजयनं पुसलं. अर्जुनानं त्याच्या हातचा चहा मोरीत ओतला आणि आत जाऊन खाटेशी बसला.

फ्लेक्स लागला नाही. गावच्या फळ्यावर अर्जुनानं स्वतः खडूनं लिहिलं: रंगूबाई अर्जुना मेटकरी गुरुवारी, चौदा मार्च दोन हजार चोवीसला सकाळी वारली.