ताईची ताणलेली टेप

माझी मोठी बहीण शिवणकाम करते. तिच्या गळ्यात दागिना दिसणार नाही. टेप मात्र दिसेल, शिवण शिकली तेव्हापासूनची.

माझ्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं, तेव्हा एक द्यायला ताई पुढे आली. डॉक्टर म्हणाले, "आधी तुमचा बीएमआय तीसच्या आत हवा. घरी काढून बघा, बसला की तपासण्यांना या."

हिशेब सोपा होता. उंची मीटरमध्ये मोजायची, तिला तिनंच गुणायचं आणि त्या आकड्यानं किलोतल्या वजनाला भागायचं. ताई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. टेप संपली तिथे मी खडूची खूण केली आणि उरलेलं वर मोजलं. एक मीटर पंचावन्न. बीएमआय आला एकतीस.

"बघ काडी, मी जाडी नाही, नुसती बुटकी आहे."

"दोन्ही आहेस," मी म्हणाले.

मग वनवास सुरू झाला. चहातली साखर गेली, रात्रीचा भात गेला. स्वभावात गोडवा आधीच बेताचा. डायलिसिसहून परतले की मी मुद्दाम तिच्यासमोर बिस्किट खायची आणि ती मला कात्री दाखवायची. महिन्यानं दीड किलो उतरलं, तरी बीएमआय तीसच्या वरच अडून बसला. एका संध्याकाळी ती वजनकाट्यावर उभ्या उभ्या रडली, तेव्हा मी हातातलं बिस्किट डब्यात परत ठेवलं.

"चल," मी म्हणाले, "डॉक्टरांच्या हातापाया पडू."

तिथे नर्सनं तिला भिंतीवरच्या पट्टीपाशी उभं केलं. "एक अठ्ठावन्न."

"या वयात वाढले की काय?"

नर्सनं ताईची टेप पट्टीला लावून पाहिली आणि हसायलाच लागली. वर्षानुवर्षं ओढून टेप चांगलीच ताणली गेली होती, म्हणून उंची कमी भरली होती. कपड्यांना त्याचा पत्ता लागला नाही, कारण मापही त्याच टेपनं घ्यायचं आणि कापडही त्याच टेपनं बेतायचं. किलो मात्र त्या टेपनं मोजलेले नव्हते.

बीएमआय आता एकोणतीसच्या जरासा वर. नर्सनं महिन्यापूर्वीचं वजन घालून पाहिलं, तर तेव्हाही तीसच्या आतच.

मी ओठ दाबून वाट पाहत होते. उपाशी काढलेल्या महिन्यावरून आता ही दवाखाना डोक्यावर घेणार!

ताई माझ्या हातावरच्या सुयांच्या खुणांकडे बघत होती. "म्हणजे महिनाभर तू उगाच टोचून घेतलंस," ती म्हणाली. "माझ्या टेपपायी."

मी तिला घट्ट मिठी मारली.