टण्ण वाजलं की नाही

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. पण साधीसुधी नव्हे, ओहायो नदीकाठच्या एका राज्याच्या गव्हर्नरांची!

आमचे गव्हर्नर जोथम प्रिंडल मूळचे तराफेवाले. नदीतून लाकडं वाहता वाहता ते कायदा शिकले, युद्धात कॅप्टन झाले आणि लोकांनी त्यांना थेट या खुर्चीत बसवलं. सगळं बदललं, गालातली तंबाखू तेवढी राहिली. कुणाला नकार द्यायचा झाला की ते आधी माझ्यात पिंक टाकत. टण्ण! मग बोलत. सगळ्या राजधानीला हे ठाऊक होतं. नोकरी मागायला आलेली माणसं तो आवाज ऐकूनच टोपी उचलत. मला त्या दराऱ्याचा भारी गर्व होता.

तो एका दुपारी पार जिरला. निवडणूक तोंडावर आली होती. गिरणीमालकाच्या खुनाबद्दल होडीवाल्या आब्नर व्हिटलला थोड्याच वेळात फाशी होणार होती. ज्याच्या साक्षीवर शिक्षा झाली, त्यानेच आता शब्द फिरवला होता. आब्नरची बायको लुसिंडा नवऱ्यासाठी माफी मागायला दाराशी उभी होती. दूर नदीकाठच्या चौकात फाशीचा खांब ठोकत होते, ते ठोके इथवर ऐकू येत. प्रत्येक ठोक्याला ती डोळे मिटायची.

"माफी दिलीस तर गिरणीवाल्यांची मतं गेली," पक्षाचे कारभारी स्टोक्स म्हणाले. "एका होडीवाल्यापायी बुडशील, जोथम!"

"बुडता बुडता वाचलोय मी. दोनदा."

"तेव्हा पोहता येत होतं. आता पोट सुटलंय!"

गव्हर्नर हसले नाहीत. तंबाखू या गालातून त्या गालात गेली. बाहेरचे ठोके थांबले. खांब तयार झाला होता. माझ्यात नको, आज माझ्यात नको, असं मी मनात घोकत होते.

ते वाकले. टण्ण!

लुसिंडा मटकन खाली बसली. स्टोक्सनी समाधानाने टोपी उचलली. "शहाणा झालास बाबा!"

पण ती पिंक नव्हती. अख्खा तोबराच माझ्यात पडला होता. गव्हर्नरांनी चूळ भरली.

"बाई, उठा. माणसाच्या जिवाबद्दल तोंडात तोबरा धरून बोलू नये, असं माझी आई सांगायची. तुमचा नवरा सुटला." त्यांनी माफीच्या कागदावर सही ठोकली आणि शिपायावर ओरडले, "बघतोस काय? घोडं काढ! शेरीफला फाशी थांबवायला सांग!"

घोडं वेळेवर पोचलं. गव्हर्नर मात्र निवडणूक हरले आणि गावी वकिली करायला निघून गेले. नवे साहेब सिगारवाले, त्यामुळे माझी रवानगी तळघरात झाली. पुढे काही वर्षांनी आब्नरला गव्हर्नरांच्या त्याच कचेरीत झाडलोटीची नोकरी लागली. त्याने मला शोधून वर आणलं. रोज व्हिनेगर आणि मीठ लावून तो मला घासायचा. स्वतः तंबाखू खायचा, पण माझ्यात कधी थुंकला नाही.

तो गेला आणि मी काळी पडले. आता संग्रहालयाच्या कोपऱ्यात उभी असते. बघायला येणारी मुलं माझ्यात च्युइंगम टाकतात. तसं करू नका रे. जुन्या वस्तूवरून कधी फडकं फिरवा. आणि एका आवाजावरून कुणाचं 'नाही' गृहीत धरू नका, त्याचं तोंड आधी रिकामं होऊ द्या.

घासून झालं की आब्नर मला एक टिचकी मारायचा. टण्ण वाजलं की स्वतःशीच म्हणायचा, "वाचलो."