चौदा नंबरचं टेबल

ओहायोतल्या एका तालुक्याच्या जत्रा-मैदानावर एक लांबलचक पत्र्याचा हॉल आहे. ऑगस्टमध्ये तिथे डुकरांचं प्रदर्शन भरतं आणि मार्चमध्ये जुन्या लष्करी पिस्तुलांचं. वास बाराही महिने ऑगस्टचाच असतो.

पिस्तुलवाल्यांच्या मंडळाची तीस टेबलं होती. त्यातलं चौदा नंबरचं एकतीस वर्षं गस ओबरहोल्झरकडे होतं. गस नोव्हेंबरात गेला. आता त्याच्या मुलीला, शाळेची बस चालवणाऱ्या मार्नीला, ते टेबल हवं होतं. पण मंडळात वारसाहक्क चालत नसे. परीक्षा द्यावी लागे. हॉलमधलं एक पिस्तूल अध्यक्ष निवडणार. तीन परीक्षक ते बघून आपापला भाव लिहिणार आणि पाकिटं बंद करणार. मग उमेदवाराने स्वतःच्या पैशाने तेच पिस्तूल घासाघीस करून विकत घ्यायचं. मधल्या पाकिटातल्या भावापासून पन्नास डॉलरांच्या आत राहिलं तर टेबल मिळणार, नाहीतर नाही.

मार्नी नापास झाली तर टेबल ड्वेन क्रेबला जाणार होतं. ड्वेन वाळवलेलं मांस विकायचा. पिस्तुलांशी त्याचा संबंध एवढाच की तेही काळं आणि कडक असायचं. सकाळी आठपासून तो मोजपट्टी घेऊन चौदा नंबरच्या टेबलाची लांबी घेत होता.

"काय रे, काल रात्रीत आखडलं का ते?" मार्नीने विचारलं.

"खात्री करून घेतोय," ड्वेन म्हणाला. "हरणाचं इकडे, टर्कीचं तिकडे. तू मनाला लावून घेऊ नकोस हं."

अध्यक्ष हार्लन फ्राय. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर औषधांचं दुकान चालवलेला माणूस. मंडळाचे सगळे नियम त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि त्यांचा त्याला नातवंडांपेक्षा जास्त अभिमान होता. नातवंडं बदलतात, असं तो म्हणे. त्याच्यासोबत परीक्षक होते विल्मा क्राउझ आणि डेल. डेल कधी बोलत नसे. तो भिंग धरायचा.

हार्लनने निवडलेलं पिस्तूल व्हर्न बिक्सलर नावाच्या परगावच्या विक्रेत्याकडे होतं. १९१४ सालचं, सैन्यातलं. तिघांनी ते वीस मिनिटं उलटंपालटं केलं, पाकिटं चिकटवली आणि नियमाप्रमाणे दहा पावलं मागे जाऊन उभे राहिले.

"पोरी, वडिलांचं नाव राख," हार्लन तिथूनच म्हणाला. हे नियमात बसत नव्हतं.

व्हर्नने कार्डावर चोवीसशे लिहिलं होतं. मार्नीने पिस्तूल हातात घेताच त्याने गोष्ट सुरू केली.

"माझ्या काकांचं आहे हे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधली एक नदी त्यांनी हे दातांत धरून पोहून पार केली."

"दात मूळचे होते, की नंतर बसवलेले?"

"का?" व्हर्नने विचारलं.

"घोडा नंतर बसवलेला आहे, म्हणून विचारलं." मार्नीने बोट ठेवलं. "हा वीस वर्षांनी धाकट्या पिस्तुलाचा आहे. आणि ही अक्षरं बघा. कडा साबणासारख्या झिजल्यात. कुणीतरी घासून चकचकीत करून वरून नवा निळा मुलामा चढवलाय."

"काकू," व्हर्नने मान खाली घातली. "दर नाताळला. नळाची तोटी आणि हे, एकाच फडक्याने. मुलामा मी दिला. वाटलं, नवं दिसेल."

"दिसतंय ना! तीच तर पंचाईत आहे."

ज्या धंद्यात वस्तू जितकी कळकट तितकी महाग, तिथे काकूंनी पन्नास नाताळांत किमान दीड हजार डॉलर घासून टाकले होते. व्हर्न पंधराशेवर आला, मग अकराशेवर, आणि शेवटी हात पुढे करून म्हणाला, "नऊशे. याच्या खाली गेलो तर काका थडग्यातून पोहत येतील."

नऊशे हाच भाव होता. मार्नीला ते कळत होतं. दहा पावलांवर हार्लनच्या मिशा हलल्या, म्हणजे त्यालाही कळलं होतं. आता हात मिळवायचा आणि चौदा नंबरवर जाऊन बसायचं.

तेवढ्यात तिची नजर किमतीच्या कार्डावर गेली. कार्डावर नव्हे, कार्ड ज्यात खोचलं होतं त्यावर. हॉलच्या दारातच सगळ्या पिस्तुलांतून गोळ्यांचं मॅगझिन काढून घ्यायला लावतात. व्हर्नने ते काढलं होतं आणि कार्ड उभं राहावं म्हणून त्याच्या तोंडात खोचलं होतं. मॅगझिन खाली काळसर होतं, वर फिकट राखाडी, आणि तळाला दोरी अडकवायची एक बारीकशी कडी. काकूंचं फडकं तिथवर पोचलं नव्हतं. तसलं मॅगझिन मार्नीने आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा वडिलांच्या हातात.

नऊशेत ते फुकट मिळत होतं. व्हर्नला पत्ता नव्हता. परीक्षा पास, टेबल आपलं, वर चारशेची कमाई.

गसने एकदा एका म्हाताऱ्या बाईकडून पिस्तुलाचं खोकं घेतलं होतं. घरी आल्यावर खोक्याच्या तळाशी जुनं चामडी म्यान निघालं. तो ऐंशी मैल परत गेला आणि त्या म्यानाचे पैसे देऊन आला. मंडळातले लोक वर्षभर हसले. पण त्यानंतर तीन तालुक्यांतल्या म्हाताऱ्या बायका आपल्या नवऱ्यांची पिस्तुलं विकायला फक्त चौदा नंबरवर यायच्या.

"तेराशे," मार्नी म्हणाली.

व्हर्नने पुढे केलेला हात मागे घेतला. "मी नऊशे म्हणालो."

"ऐकलं. तेराशे घ्या."

"हे बघ बाई, मी शब्दाचा पक्का आहे. नऊशेच्या वर एक दमडी घेणार नाही. काय भानगड आहे?"

"बाराशे ऐंशी?"

"हजार! आणि हे शेवटचं!"

अशी उलटी घासाघीस त्या हॉलमध्ये डुकरांनीही पाहिली नव्हती. अखेर मार्नीने कार्ड उपटलं आणि मॅगझिन त्याच्या हातावर ठेवून सगळं सांगितलं. व्हर्नने तेराशे घेतले आणि टोपी काढली.

पाकिटं फुटली. नऊशे. नऊशे पंचवीस. नऊशे पन्नास.

"तीनशे पंच्याहत्तरने चुकली!" ड्वेनने मांसाचं पहिलं खोकं टेबलावर ठेवलंसुद्धा.

"पोरी, काय केलंस हे?" हार्लनने विचारलं.

मार्नीने मॅगझिन पुढे केलं. विल्माने चष्मा चढवला. "अगं बाई! याचेच चारशे होतात, म्हणजे खरा भाव तेराशेच्या वर. कुठे होतं हे?"

"किमतीच्या कार्डाखाली."

हार्लनचे कान लाल झाले. "मी ते कार्ड वाचलं."

"मीपण वाचलं," विल्मा म्हणाली.

"मी भिंगातून वाचलं," डेल म्हणाला. अकरा वर्षांतलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"ते काही नाही," ड्वेनने भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचली. "नियम नववा. खऱ्या भावापासून पन्नास डॉलरांहून जास्त चुकेल त्याला मंडळात टेबल मिळणार नाही. संपलं!"

हॉलमधल्या माना एकेक करून तीन परीक्षकांकडे वळल्या. ड्वेन सोडून सगळ्यांना ऐकू गेलं होतं की नियमात उमेदवार हा शब्दच नाही.

हार्लन ताठ उभा राहिला. स्वतःच्या टेबलाकडे गेला, हिरवी चादर झटकली, चारपदरी घडी केली आणि काखेत मारली. "नियम माझा आहे," तो म्हणाला, आणि औषधाच्या दुकानाचं उद्घाटन झालं त्या दिवशीही तो इतका रुबाबदार दिसला नसेल. विल्मा आणि डेलनेही आपापल्या चादरी काढल्या. "मार्नी ओबरहोल्झर, चौदा नंबर तुझं. आम्ही पुढच्या मार्चमध्ये परीक्षेला बसू."

"परीक्षक कोण?" विल्माने विचारलं.

सगळ्यांनी मार्नीकडे पाहिलं. ड्वेनने खोकं उचललं.

मार्नीने वडिलांची चादर अंथरली, मधोमध पिस्तूल ठेवलं, शेजारी मॅगझिन. कार्ड लावलं नाही. एवढ्यात एक म्हातारी बिस्किटांचा जड डबा छातीशी धरून आली आणि तिने हार्लनला विचारलं, "अहो, ओबरहोल्झरचं टेबल हेच ना?"

"हेच," हार्लन म्हणाला, काखेतली चादर सावरत. "पण रांगेत या, बाई. मी आधीपासून उभा आहे."