गुरुवारी जायचं कुठं?

हिंदुरावांनी एका बोटाने मेसेज टाइप केला, दोनदा वाचला आणि पाठवून दिला. ‘येत्या गुरुवारी मुलीला घेऊन जायचे आहे. गाणे, नाटक, प्रदर्शन, काहीही चालेल. जागा सुचवा.’

सोसायटीतल्या ज्ञानेशने त्यांना ‘चला, बाहेर पडू’ नावाच्या ग्रुपमध्ये घातलं होतं. शहरात कुठं काय ऐकण्यासारखं, बघण्यासारखं आहे ते लोक तिथं एकमेकांना सांगत. सकाळी डोळे उघडावेत तर ढीगभर मेसेज येऊन पडलेले. हे बघाच, ते चुकवू नका, अमक्या ठिकाणी जाऊन या.

उत्तरं पटापट आली. रविवारी सकाळी चिंचवडला बासरी आहे. रविवारी संध्याकाळी बालनाट्य आहे. शनिवार-रविवार हातमागाच्या साड्यांचं प्रदर्शन आहे.

‘गुरुवार’, हिंदुरावांनी पुन्हा लिहिलं.

‘काका, गुरुवारी कोण जातं?’ ज्ञानेशने लिहिलं आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला.

हिंदुरावांचं डोकं तडकलं. कोण जातं म्हणजे? एमआयडीसीतल्या कितीतरी कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. मागे कधीतरी विजेच्या टंचाईत वार वाटून दिले होते, ते तसेच चिकटून राहिले. त्यांचं सगळं आयुष्य गुरुवारच्या सुट्टीत गेलं. त्या माणसांनी काय भिंतीकडे बघत बसायचं?

त्यांच्या लेकीचं, योगिनीचं ऑफिस तळवड्याला, आयटी पार्कात. तिला सुट्टी शनिवार-रविवार. ऑफिसजवळच मैत्रिणीबरोबर राहायची. सुमन होती तोवर काही अडत नव्हतं. रविवार मायलेकींचा, गुरुवार नवरा-बायकोचा, आणि इकडचं तिकडे सांगायला सुमन. दिवाळीनंतर ती गेली आणि मधला दुवाच तुटला. आता योगिनी रविवारी येऊन फ्रिजमध्ये भाजीचे डबे ठेवून जायची, तेव्हा हे कामावर. गुरुवारी हिंदुराव डबे घासून पिशवीत घालून ठेवायचे, तेव्हा ती कामावर. बाप-लेकीची भेट काय ती डब्यांतून.

शेवटी तिनेच फोन केला. “बाबा, मी गुरुवारी रजा टाकलीय. मॅनेजरशी भांडून मिळवलीय. घरात आईच्या फोटोसमोर बसायचं नाही. मॉल नको. आईला न्यायचात तसं कुठंतरी न्या मला.”

“नेतो की.”

“नक्की ठरवा हं. ही रजा फुकट गेली तर पुन्हा नाही मी कुणाशी भांडणार.”

नेतो म्हणाले खरे. पण सुमनला नेलेल्या जागा त्यांना बाहेरून ठाऊक होत्या. गाडी कुठं लावली तर उचलून नेत नाहीत, कुठल्या टपरीवर चहा बरा मिळतो, कुठला वॉचमन खेकसतो, एवढंच. आत काय असतं, कधी असतं ते सुमनलाच माहीत.

बुधवारी विजयश्री नावाच्या बाईंचा मेसेज आला. ‘तळेगाव दाभाडे. शाळेमागचा हॉल. दर गुरुवारी सकाळी अकराला शास्त्रीय गाण्याची बैठक. सर्वांना मोफत प्रवेश. अप्रतिम वातावरण!’ खाली जागेचा नकाशा आणि लोकांचे टाळ्यांचे हात. हिंदुरावांनी खाली ‘आभारी आहे’ लिहिलं आणि शर्टाला इस्त्री केली.

गुरुवारी दोघं स्कूटरवरून निघाले. देहूरोडच्या पुढे एक कंटेनर बंद पडला होता आणि त्याच्यामागे ट्रक, बस, रिक्षा एकमेकांच्या अंगावर चढल्यासारख्या उभ्या होत्या. ऊन मी म्हणत होतं. हिंदुराव दर थोड्या वेळाने “सुटेल आता” म्हणत होते. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मागून योगिनी म्हणाली, “बाबा, नका ना बोलू.”

तळेगावात पोचले, शाळा सापडली, मागचा हॉल सापडला. दाराला कुलूप. कुलपावर गंज.

समोर फॉल-पिकोचं दुकान होतं. मशीनवरच्या बाईंनी मान वर केली आणि त्यांच्याकडे बघून कपाळाला हात लावला.

“गाण्याला आलात ना?”

“हो. अकराची बैठक...”

“अहो भाऊ, बंद होऊन दोन वर्षं झाली. गुरुजी मुलाकडे राहायला गेले. दर महिन्याला कुणीतरी मोबाईल हातात धरून येतं आणि मला विचारतं. मी शिलाई करू की चौकशी खिडकी चालवू?” आतून कुणीतरी “कनीज, कोण आहे?” म्हणून विचारलं. “गाणंवाले!” त्या ओरडल्या. मग हिंदुरावांना म्हणाल्या, “तुमच्या त्या ग्रुपवर एकदा लिहा तरी, बंद आहे म्हणून.”

हिंदुरावांनी तिथंच रस्त्यात उभं राहून विजयश्रीबाईंना फोन लावला. “मॅडम, इथं कुलूप आहे.”

“अरेरे! हो का?”

“तुम्ही शेवटचं कधी आला होता इथं?”

“मी? मी नाही हो कधी आले. मला दुसऱ्या ग्रुपवरून आलं होतं. छान वाटलं म्हणून पुढे पाठवलं.”

“न जाताच अप्रतिम वातावरण?”

“ते त्यातच लिहिलेलं होतं, काका.”

त्यांनी फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं. ‘तळेगावची बैठक दोन वर्षांपूर्वी बंद झाली आहे. सांगितलेल्या जागी तुमच्यापैकी कोणी स्वतः जाते का?’ मग ज्ञानेशचं उत्तर आलं. ‘थँक्स काका! रविवारी चालू असते का?’

हिंदुरावांचा हात फोन फेकायला वर गेला होता. कनीजबाईंनी दुकानातून स्टूल बाहेर सरकवलं. “बसा. पाणी प्या आधी.”

योगिनी पायरीवर बसली होती. “झालं. गेली रजा.”

“माझी काय चूक? लोक खोटं सांगतात.”

“तुमची चूक नाही कशी? इतकी वर्षं आईला पोचवत होता. एकदा तरी आत गेला असता तर आज एक जागा माहीत असती तुम्हाला!”

“गेलो होतो,” हिंदुराव म्हणाले. “लग्नानंतर लगेच. रात्रपाळी करून गेलो, तिथं झोप लागली आणि घोरलो. गाणारा थांबला. तुझी आई लाजेने अर्धी झाली. तेव्हाच ठरलं, तिने आत, मी बाहेर. येताना ती मागे बसून सगळं सांगायची. कोण काय गायलं, कुणाची साडी कशी, कोण बेसूर झालं. म्हणूनही दाखवायची, स्वतः बेसूर. मला सगळं तसंच ठाऊक आहे. हेल्मेटमधून.”

योगिनी बघत राहिली. “मला रविवारी तेच सगळं परत सांगायची,” ती म्हणाली. “मला वाटायचं, तुम्ही पण आत असता.”

कनीजबाईंचं मशीन चालू होतं. मग हिंदुराव वैतागून म्हणाले, “आता मला कोण सांगणार? आणि मी तुला काय सांगू? मला काय कळतं त्यातलं?”

“कळायचं काय त्यात? गुरुवारी निघायचं, एक जागा गाठायची, आत जायचं. आणि मला फोन करायचा.”

“एकट्याने?”

“मग? मला रोज कोण रजा देणार आहे?”

“अगं, गुरुवारी सगळं बंद असतं.”

“मग काय काय बंद आहे तेवढं तरी बघून या.”

“हे काय बोलणं झालं?” हिंदुराव चिडले. चिडूनच गाडीला किक मारली. घरापर्यंत धुसफुसत होते.

पुढच्या गुरुवारी त्यांनी दहाला स्कूटर काढली. ग्रुपवर कुणीतरी सांगितलेलं चित्रांचं दालन शोधायला दोन चुकीच्या गल्ल्या फिरले. दालनाच्या शटरवर पाटी होती, साप्ताहिक सुट्टी गुरुवार. त्यांनी वॉचमनला चार शब्द सुनावले, त्याने सहा परत दिले. मग सावलीत उभं राहून योगिनीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये असणार, उचलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

तिने उचलला. मागे कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं. दार लोटल्याचा आवाज आला आणि ते बोलणं बंद झालं.

“हां बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “सांगा, काय बंद आहे?”

“थांब, पहिल्यापासून सांगतो,” हिंदुराव म्हणाले आणि गाडीच्या सीटवर बसले.